मोरीच्या पाण्याचा पिंप

आमच्या माण तालुक्यात मार्च लागला की टँकरच्या गोष्टी सुरू होतात. आणि त्याच दिवसांत माझ्या घरामागे न्हाणीचं पाणी साचून डास व्हायचे. एकदा आठवडाभर बादल्या मोजल्या. पाच माणसांच्या आंघोळी आणि धुणं मिळून रोज 170-180 लिटर. परसातली केळ सुकत होती आणि एवढं पाणी मी वाया घालवत होते. तो आकडा डोक्यातून जाईना. शेवटी हे पाणी पिंपात गाळून झाडांना द्यायचं ठरवलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोरीचं पाणी पूर्वीपासून अळवालाच जातं की." खरं आहे. पण तेव्हा भांडी राखेने घासली जायची. आता धुण्याच्या पावडरीतला सोडा रोज त्याच जागी मुरला की माती घट्ट होते, वर पांढरी खपली धरते. आमच्या अळवाची तीच गत झाली होती. पाणी गाळल्याने हा विरघळलेला सोडा निघत नाही, हे आधीच सांगते. त्यासाठी मी पावडर निम्मी केली आणि झाडं आलटून-पालटून भिजवते.

200 लिटरचा जुना प्लॅस्टिकचा पिंप घेतला. तळाशी तोटी. तिच्यावर मोठी खडी, मग बारीक खडी, विटांचे तुकडे, लाकडी कोळसा, जाड वाळू आणि सगळ्यात वर नारळाच्या शेंड्या. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला, शेंड्या देवळासमोरच्या नारळवाल्याकडून फुकट मिळाल्या.

पहिल्या दिवशी तोटीतून चहासारखं तांबडं पाणी आलं. शेंड्यांचा रंग उतरत होता. त्या काढून चार दिवस भिजत घातल्या, रोज पाणी बदललं, तेव्हा कुठे थांबलं. आठवड्याभरात पिंप तुंबला. दोष वाळूचा होता. तीच वाळू बाटलीत पाणी घालून हलवून ठेवली, तर वर बोटभर गाळ बसला. मग नितळ पाणी येईपर्यंत वाळू धुतली. हे आधी केलं असतं तर पूर्ण पिंप उपसावा लागला नसता.

स्वयंपाकघरातलं पाणी यात सोडायचं नाही असं मी ठरवलं. तेलाने वाळूवर साय धरते. ते पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात जातं. आजारी माणसाचे किंवा बाळाचे कपडे धुतलेलं पाणीही पिंपात नाही, ते थेट संडासात.

तीन आठवड्यांनी वास जवळजवळ गेला. पुढे दिवाळीच्या साफसफाईत शेंड्या आणि खडी बुळबुळीत लागली, म्हणून मी पिंपात ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं. दोन दिवसांत पूर्वीपेक्षा वाईट वास. ओळखीच्या एका निवृत्त पाणीपुरवठा अभियंत्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तो बुळबुळीत थरच पाणी साफ करतो. त्यातले जिवाणू साबण आणि मळ खातात. त्यांना हवा लागते." म्हणजे वाळू-कोळसा गाळतो, पण खरं काम त्या जिवंत थराचं. तो परत धरायला पंधरा-वीस दिवस गेले. तेव्हापासून तोटी कधीच बंद करत नाही. पाणी आलं की निथळून जावं आणि मध्ये हवा शिरावी. साठवूनही ठेवत नाही. एक दिवस राहिलं तरी वास धरतं.

पिंपातून पाणी कर्दळीच्या वाफ्यात जातं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, खाली ताडपत्री, वर खडी. पाणी खडीच्या दोन-तीन इंच खालीच राहील अशी बाहेर पडायची नळी लावली, त्यामुळे डासांना उघडं पाणीच मिळत नाही. कर्दळ तर एवढी फोफावली की शेजारच्या काकू कंद मागून घेऊन गेल्या.

हे पाणी पिण्याचं नाही, भांडी घासायचंही नाही. केळ, शेवगा, कडीपत्ता, जास्वंद यांच्या बुंध्याशी देते. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, कांदा यांना नाही.

शेंड्या दर तीन आठवड्यांनी काढून उन्हात वाळवते आणि पुन्हा घालते. अगदी कुजल्या की खतात टाकते. वरची दोन बोटं वाळू महिन्याने धुते, खालचं काही हलवत नाही. यंदा उन्हाळ्यात केळीला घड धरला. सासूबाईंनी पहिली फणी देवापुढे ठेवली आणि नवीन अळवाचे दोन कंद वाफ्याच्या पुढच्या बाजूला स्वतः लावले.