सुट्टे ऐंशी रुपये

दिंडीची वही माझ्याकडे आली ती आळंदीतच. दरवर्षी हिशेब ठेवणारे काका गुडघ्यांमुळे येऊ शकले नव्हते. दिंडीप्रमुखांनी मला विचारलंसुद्धा नाही, वही आणि पैशांची पिशवी हातात ठेवली. "तुम्हाला सवय आहे," म्हणाले.

सवय होती म्हणूनच नको होती. गावात चार वर्षं मी दुसरं काय करत होतो? पाणीयोजनेची बिलं मागायची, माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, 30 दिवस वाट पाहायची, मग अपील. ग्रामसभेत उभं राहून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि बाकीच्यांनी घड्याळाकडे बघायचं. टाकी उभी आहे, नळ आहेत, पाणी आठवड्यातून एकदा. परत गेल्यावर हे सगळं सोडून द्यायचं, असं ठरवूनच मी 2024 च्या वारीला निघालो होतो. माउलींच्या पायांशी ठेवून यावं आणि मोकळं व्हावं, एवढंच मागणं होतं.

इंद्रायणीवर फेस होता. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी, सगळ्यांना माहीत असलेलं. त्यातच बाया लेकरांना आंघोळी घालत होत्या. मी नुसते पाय बुडवले आणि त्याची रुखरुख दिवसभर राहिली. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखतं याच इंद्रायणीत बुडवली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा मला त्यातलं बुडवणं मोठं वाटायचं. आता 'आपल्या वाट्याची' हे शब्द मोठे वाटतात. धाकट्या भावाची निम्मी खतं आधी त्याच्या हवाली केली, मग स्वतःची बुडवली. दुसऱ्याच्या पैशावर पुण्य घेतलं नाही.

पुणे, दिवे घाट, सासवड. जेजुरीला भंडारा, नीरेला स्नान. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. मला अश्व दिसला नाही, पुढच्याची पताका तेवढी दिसली. दिवस एकमेकांत मिसळून गेलेत, वेगळे आठवतात ते वहीमुळे. ट्रकचं डिझेल, भाजी, गॅस, टँकर.

लोणंदला रात्री वाद झाला. त्या वर्षी सरकारने दिंड्यांना प्रत्येकी 20,000 रुपये जाहीर केले होते. घ्यावेत की नाही? एकजण म्हणाला, आपल्याच करातले आहेत. दुसरा म्हणाला, वारी भिशीवर, वारकऱ्यांनी भरलेल्या वर्गणीवर चालते, अनुदानावर नाही. आवाज चढले. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता, कारण त्या दिवशी मीठ संपलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. आमचे विणेकरी बुवा कोपऱ्यात पाय चोळत बसले होते. ते म्हणाले, "पंढरपूरच्या मंदिराचा कायदा झाला 1973 ला. वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांचे, बडव्यांचे हक्क गेल्याचा शेवटचा निकाल लागला 2014 ला. मधे किती वाऱ्या झाल्या मोजा." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं गावचं किती वर्षं चाललंय?" चार, म्हणालो. ते पुढे काहीच बोलले नाहीत, पाय चोळत राहिले.

त्याच मुक्कामात एका माउलींनी मला तंबूबाहेर बोलावलं. भिशी 3,000 रुपये. "त्या आजींनी 1,100 च दिलेत. झोपायला मात्र पहिली जागा. वहीत बघा." मी वही उघडली. खरंच 1,100 होते. पुढे काकांच्या अक्षरात एकच शब्द, 'पूर्ण'. काकांनी यादी घरूनच करून दिली होती. कुणीतरी आजींचे भरले असतील असं धरून मी वही मिटली. त्या माउलींचा राग आला, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी लगेच पान काढलं याचा जास्त आला. आजी तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या.

आता त्या दुपारचं सांगतो.

फलटण सोडून बरडकडे निघालो होतो. पाऊस नाही, ढग नाहीत. रस्ता रुंद झाला आणि कडेची जुनी सावली गेली. उन्हात तापलेला रस्ता चपलेतूनसुद्धा भाजतो. डाव्या टाचेला आदल्या दिवशीपासून फोड होता, अंगठ्याखाली दुसरा आला. पुढे अभंग चालू होता, माझं मन फक्त पुढचं पाऊल कुठं पडेल तिकडे. शेजारी कुणीतरी पाण्याच्या बाटल्या वाटत होतं, बाटल्यांवर नेत्याचा फोटो. लोक दोन-दोन घेत होते आणि अर्ध्या टाकत होते. रथाजवळच्या दिंड्यांपुढे ढीग, मागच्यांच्या वाट्याला रिकामी खोकी. माझ्या तोंडातलं नाम थांबलं. कशाला आलो, असं स्पष्ट वाटलं. त्याच वेळी चपलेचा अंगठा तुटला.

थोडं पुढे लिंबाखाली एकजण पोतं टाकून बसला होता. माझ्याच वयाचा. ऐरण, आरी, रापी, मेणाच्या दोऱ्याचं रीळ. मी चप्पल पुढे केली. त्याने न बोलता जुना अंगठा कापला, नवा बसवला, तीन टाके घातले आणि दोन्ही हातांनी ओढून बघितला.

"वीस रुपये, माउली."

मी शंभराची नोट दिली. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. माझ्याकडेही नव्हते; सुट्टे दिंडीच्या पिशवीत होते, पण ते माझे नव्हते.

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हणालो.

"नाही. बसा. गिऱ्हाईक येईल, सुट्टे होतील."

"अहो, माझी दिंडी पुढे गेली."

"गाठाल. तुमचे ऐंशी माझ्याकडं राहिले तर रात्री माझा हिशेब लागायचा नाही."

मला संताप आला. ऐंशी रुपयांसाठी दिंडी चुकवायची? पण नोट त्याने पोत्यावर दगडाखाली ठेवली होती, डब्यात टाकली नव्हती. ती उचलून निघून जावं तर त्याचे वीस बुडत होते. बसलो. पलीकडून एकामागून एक दिंड्या जात राहिल्या.

मी विचारलं, "पुढे मोफत चप्पल दुरुस्तीचा फलक लागलाय. तिथे गर्दी आहे."

"दरवर्षी लागतो," तो म्हणाला. "ते वर्षातून एक दिवस बसतात. मी रोज बसतो. आज फुकट मिळालं की माणसाला उद्या माझे वीस जास्त वाटतात." आवाजात तक्रार नव्हती. हा विचार मला कधी शिवलाच नव्हता. दानाने कुणाचा तरी धंदा बसतो, हे वाटणाऱ्याच्या गावीही नसतं.

गिऱ्हाईक येईना. त्याची नजर माझ्या टाचेवर गेली. "पाय इकडं करा." मी संकोचलो, त्याने पाय ओढूनच घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. डब्यातून शिवायची बारीक सुई काढली, काडी पेटवून तापवली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून कापला. "ओढू नका. पाणी दोऱ्यानं झिरपत राहतं, कातडी निघत नाही." अंगठ्याखालच्या फोडालाही तसंच केलं. त्याच्या बोटांना मेणाचा आणि चामड्याचा वास होता. माझ्या पायाला इतक्या काळजीने कुणी हात लावल्याला किती वर्षं झाली असतील, कुणास ठाऊक. डोळे भरून आले. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"याचे किती?"

"हे माझं काम नाही. याचे कसले पैसे?"

तेवढ्यात दोन बाया आल्या, दोघींच्या चपलांचे पट्टे गेलेले. पैसे जमले. त्याने चार विसांच्या नोटा माझ्या हातावर एकेक करून मोजल्या, दगडाखालची शंभराची उचलून कपाळाला लावली आणि मग डब्यात टाकली. मी त्याच्या पाया पडलो, तो माझ्या पडला. नाव विचारायचं राहिलं.

दिंडी बरडला गाठली. रात्री कंदिलाशी बसून वही पुन्हा पहिल्या पानापासून जुळवली, दोन चुका सापडल्या. पाय ठणकत होता, तरी फार बरं वाटत होतं. चार वर्षं मी स्वतःला विचारत होतो की उत्साह का राहिला नाही. त्या माणसाने उत्साहासाठी सुट्टे दिले नव्हते. त्याचा नेम होता, बस.

नातेपुते, माळशिरस, वेळापूरला धावा, वाखरी. पंढरीत पायरीचं दर्शन घेतलं. चोखोबांच्या समाधीपाशी जरा थांबलो. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी या गावात दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा हे दार सगळ्यांना उघडलं. मागून रेटा आला आणि पुढे ढकललो गेलो. ठेवून यायचं म्हणून जे आणलं होतं, ते ठेवायचं राहून गेलं. द्वादशीला सकाळी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन अपिलाच्या दोन प्रती काढल्या. ग्रामसभा 15 ऑगस्टला होती.

दुपारी हिशेब वाचला. 40 रुपये लागेनात. सगळे म्हणाले, सोडा. मी सोडलं नाही. टाळांच्या दोऱ्या निघाल्या, लिहायच्या राहिलेल्या. पुढच्या वर्षी वही कोण धरणार, असं प्रमुखांनी विचारलं तेव्हा ती माझ्याच मांडीवर होती, तिथेच राहिली.

माणसं पांगल्यावर आजी आल्या. पदराची गाठ सोडली. "दादा, पुढच्या वारीचे मांड. एकोणीसशे हायेत."

"आत्ताच?"

"दरसाल असंच देती. जाताना उरलेले देऊन टाकायचे, बाकीचे वारीला निघायच्या आधी. एसटीला पैसे लागत न्हाईत मला, पंचाहत्तरी झाली."

मी वहीची मागची पानं उलटली. गेल्या वर्षीची द्वादशी. काकांचं अक्षर, आजींचं नाव, 1,900. त्यात यंदाचे 1,100. ते पान मी आळंदीपासून काखेत घेऊन चाललो होतो.

तक्रार करणारे माउली आदल्या रात्रीच गाडीने गेले होते. त्यांना तिथूनच फोन लावला आणि पान वाचून दाखवलं. "बरं बरं," म्हणाले.

आजी समोर उभ्याच होत्या. मी तारीख घातली, नाव, रक्कम. त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"खाली सही कर तुझी," म्हणाल्या.