कर्लीच्या खाडीत कयाक आणि गळ

मालवणजवळच्या देवबागला येणारी बहुतेक मंडळी संगम, त्सुनामी बेट आणि नशिबात असतील तर डॉल्फिन एवढे पाहून परततात. कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी बरेच अंतर किनाऱ्याला समांतर वाहते आणि तिच्या व अरबी समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर देवबाग वसले आहे. आम्हाला समुद्राकडे पाठ करून खाडीत आत शिरायचे होते, तेही कयाकमधून आणि गळ घेऊन. बरोबर माझी पत्नी, आमची दोन मुले, पुण्याचा एक मित्र आणि त्याची पत्नी. मार्गदर्शनाला आईचे चुलतभाऊ, म्हणजे देवबागचे मामा, स्वतःची होडी घेऊन येणार होते.

मित्राला शनिवार-रविवार हवा होता, पण मामांनी वार विचारलाच नाही, तिथी विचारली. खाडीतली मासेमारी घड्याळावर नव्हे, पाण्यावर चालते, हे या सहलीचे सगळे गणित होते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. मुंबईकडे हा हिशेब बऱ्यापैकी बसतो. मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून मामांनी सव्वाआठ धरले. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटीला, पाण्याला ओढच नसते आणि पौर्णिमेच्या उधाणाला ती मुलांना झेपण्यापलीकडे जाते. द्वादशी या दोहोंच्या मधली. एकादशीलाही पाणी सोयीचे होते, परंतु त्या दिवशी मामींच्या घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे ती आपोआप बाद झाली. अखेर पौषातली द्वादशी ठरली आणि मित्राने मुकाट्याने रजा टाकली.

बेत सोपा होता. चढत्या पाण्याच्या शेवटच्या तासाभरात वल्ही मारत वर जायचे, पाणी फिरताना गळ टाकायचे आणि ओहोटीबरोबर खाली यायचे. मात्र खाली येण्याची वेळ पाळणे महत्त्वाचे असते. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एकूण उताराचा जेमतेम बारावा भाग उतरतो, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी चौथाई पाणी निघून जाते. त्या वेळी संगमावर बाहेर धावणारी खाडी आणि आत येणारी समुद्राची लाट समोरासमोर भिडतात, आणि दुपारच्या वाऱ्याची त्यात भर पडली की लाटा उभ्या राहू लागतात. मालवणकडे उधाणाचे पाणी मुंबईच्या जेमतेम निम्मे चढते, हे खरे. परंतु वल्ह्याच्या जोरावर माघारी फिरू न शकणाऱ्या माणसाला तेवढेही पुरते. म्हणून साडेदहाच्या आत काठाला लागायचे आणि संगमाच्या दिशेने कोणीही जायचे नाही, अशी मामांची अट होती.

कयाक जाड प्लास्टिकच्या, दोन माणसांच्या आणि वरती बसायच्या होत्या. यांच्या तळाला आरपार भोके असतात आणि त्यांतून आत आलेले पाणी आपोआप निचरून जाते. मुलांना याचे फार नवल वाटले आणि बूड ओले राहते ही तक्रार त्याहून मोठी झाली. लाइफ जॅकेट सर्वांनी घातले होते, पट्टीच्या पोहणाऱ्या माझ्या मित्रानेसुद्धा. नांगराची दोरी नेहमी नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, किंवा मागच्या टोकाला बांधावी, मध्यावर कधीही बांधू नये, हे मामांनी स्वतः बांधून दाखवले. ओढीत नांगर बाजूने ताणला गेला तर कयाक आडवी होते आणि पाहता पाहता उलटते.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही एका अरुंद फाट्यात शिरलो होतो. इंजिनाच्या बोटीला येथे खोली नाही. कयाकला मात्र वीतभर पाणी पुरते आणि तिचा आवाजही होत नाही. दोन्ही बाजूंना कांदळ आणि चिप्पी ही खारफुटीची झाडे. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला, ही माहिती मी मुलांना पुरवली; त्यांचे लक्ष चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांकडे होते, आणि ते योग्यच होते. पुढ्यात बोय एकामागून एक पाण्याबाहेर झेपावत होते. मित्राने उत्साहाने त्यांच्या दिशेने गळ फेकला. शेवाळ आणि गाळातले कण खाणारा हा मासा गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, सहसा लागत नाही. त्याला पागच, म्हणजे फेकायचे जाळेच, हवे. मामा नुसते हसले आणि म्हणाले, "जरा पाणी फिरूंदे, मगे मासे गावतले."

आणि तसेच झाले. पाणी काही काळ थबकले, तरंगणारी पाने जागच्या जागी राहिली, मग हळूहळू उलट दिशेला निघाली. कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बारकी मासळी या पाण्याबरोबर बाहेर पडते आणि फाट्याच्या तोंडाशी मोठे मासे तिची वाट पाहत असतात. गरीला सोललेली कोळंबी लावून ती मुळांच्या जरा अलीकडे सोडायची, हे तंत्र पत्नीला प्रथम साधले. तांबोशी ओढते ती थेट मुळांकडे. एकदा आत शिरली की दोरी मुळांना गुंडाळून तोडून टाकते. पत्नीने दोरी न सोडता कयाकच मागे सरकू दिली आणि तळहातापेक्षा थोडी मोठी, तांबूस झाक असलेली तांबोशी वर आली. लहान तांबोश्या खाडीत वाढतात आणि मोठ्या झाल्यावर बाहेरच्या खडकाळ समुद्रात जातात. म्हणूनच त्यानंतर मिळालेल्या दोन अगदी लहान तांबोश्या आम्ही परत सोडल्या, मित्राच्या चेहऱ्याकडे न पाहता.

मुलाच्या गळाला शिंगाळा लागला. हा मासा हाताळण्यात खरी कसोटी असते: पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंच्या परांचे दोन, असे तीन काटे तो ताठ उभारतो, त्यांना बारीक दाते असतात आणि टोचल्यास विषाने हात ठणकतो. मामांनी ओल्या फडक्याने डोक्यामागून, काट्यांच्या खालून पकड घेतली, पकडीने गरी उलट फिरवून काढली आणि मुलाला काटा जवळून दाखवला. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका कमी होतो, म्हणून मामींनी गरम पाण्याचा थर्मास होडीत ठेवला होता. तो अखेर चहासाठी वापरला गेला.

परतीला वल्हे फक्त दिशा देण्यापुरते लागले. खाडीच्या मध्यावर वाळूची पाठ उघडी पडू लागली होती आणि गावातल्या बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरल्या होत्या. मुलीने तिथे उतरण्याचा हट्ट धरला. मामांनी घड्याळ पाहून अर्धा तास दिला. पायाच्या बोटांनी वाळू चाचपून तिने मूठभर तिसऱ्या गोळा केल्या. माझ्या मते, लहान मुलांना गळापेक्षा हा उद्योग अधिक मानवतो, कारण त्यात वाट पाहावी लागत नाही.

एकंदर मासळी एवढ्या माणसांना पुरणारी नव्हतीच. ती पुरावी अशी अपेक्षा ठेवून कोणी हौशी माणसाने खाडीत जाऊ नये. मामा मालवणहून बांगडे आधीच आणून मोकळे झाले होते. बांगड्यांचे तिरफळ घालून तिखले झाले, तिसऱ्या सुक्या खोबऱ्यात परतल्या गेल्या, आणि तांबोशी तळावी की तिचे सार करावे यावर मामा-मामींचा वाद बराच रंगला. पत्नीने मासा आपण पकडला असल्याचे ठणकावून सांगितले आणि तो तळायला लावला.