हॉकी कोच होताना: दहा बोटांचे ठसे आणि एक शिट्टी

मुलांना आइस हॉकी शिकवायला निघालो, तर पहिलं बोलावणं पोलिसांचं आलं. २०२१ चा सप्टेंबर. मुलीचं नाव यू-७, म्हणजे सात वर्षांखालच्या, गटात घातलं होतं आणि क्लबने दरवर्षीप्रमाणे पालकांना विचारलं होतं, बर्फावर मदतीला कोण येणार? मी हात वर केला. मग कळलं की नुसता हात वर करून भागत नाही, 'व्हल्नरेबल सेक्टर चेक' नावाची पोलीस पडताळणी लागते. कॅनडात लहान मुलांमध्ये किंवा दुबळ्या, आजारी माणसांमध्ये काम करायचं तर ती बहुतेक ठिकाणी मागतात. आठवड्याभरात कागद येईल असं वाटलं होतं. कागद आला, पण त्यावर लिहिलं होतं की बोटांचे ठसे द्यायला या.

बायकोने तो दोनदा वाचला. "अरे, तू नक्की काय केलंयस?"

काहीच केलं नव्हतं. लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा होऊन पुढे माफी मिळालेल्यांच्या नोंदी इथे वेगळ्या ठेवतात. पडताळणीत अर्जदाराचं लिंग आणि जन्मतारीख त्या नोंदींशी ताडून बघतात. नाव बघत नाहीत, कारण नाव बदलता येतं. या देशात माझ्याच तारखेला जन्मलेला असा एक पुरुष कुठेतरी आहे, एवढाच माझा गुन्हा. हे सगळं नंतर समजलं. त्या दिवशी मात्र रांगेत उभा राहून मी मान खाली घालून फोनमध्ये बघत होतो, न जाणो ओळखीचं कुणी दिसायचं. ठसे आरसीएमपीकडे, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांकडे, गेले आणि परवानगी यायला नोव्हेंबर उजाडला. तोवर मी रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काचेबाहेरून हातवारे करत होतो. संताप झाला, खोटं कशाला बोलू. पण उद्या माझ्या मुलीला कुणा अनोळखी माणसाच्या हाती सोपवायचं असेल, तर त्याचेही ठसे घेतलेले मला हवेच आहेत.

पण मी बर्फावर पोचलो कसा, ते आधी सांगायला हवं.

टोरांटोजवळच्या मिसिसागात आलो २०११ च्या डिसेंबरात, तेहतीस वर्षांचा. लहानपणी चार चाकांचे स्केट्स केले होते, शाळेत एक पदकही मिळालं होतं. बर्फ म्हणजे तेच, फक्त गार, अशी माझी समजूत. प्रौढांच्या 'लर्न टू स्केट' वर्गात नाव घातलं, नवे कोरे स्केट्स घेतले आणि पहिल्याच पावलाला आडवा झालो. उठलो, पुन्हा आडवा. शेजारी एक आजी वॉकरसारखी चौकट ढकलत शांतपणे पुढे निघून गेल्या. वर्ग घेणारे गृहस्थ जवळ आले, त्यांनी माझ्या पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि हसायलाच लागले. नवे स्केट्स बहुतेक वेळा धार न लावताच विकतात. मी दोन बोथट पट्ट्यांवर उभा होतो.

हे गृहस्थ मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. दिवसा ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी शिकवायचे. १९६९ च्या मार्चमध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरून वर्षही झालेलं नसताना, स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या संघाने सोव्हिएत संघाला आठवड्याभरात दोनदा हरवलं, २-० आणि ४-३. तेव्हा हे दहा वर्षांचे होते. ते दोन आकडे आपल्याकडचे लोक ८३ चा वर्ल्ड कप सांगतात त्या सुरात ते सांगत. पुढे स्वतःही खेळले, देश सोडला, आणि इथे आल्यावर वय आणि इंग्रजी दोन्ही आडवी आली म्हणून खेळायचं सोडून शिकवायला लागले. मला ते एकच शब्द ऐकवायचे, "गुडघे!" दर दोन मिनिटांनी. मी म्हणायचो वाकवलेत. ते म्हणायचे, तुला वाटतंय वाकवलेत.

थांबणं ही माझी खरी अडचण. चाकांवर थांबायला पुढे रबर असतं. बर्फावर काहीही नसतं. पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड, त्याच्या मधोमध एक पन्हळ कोरलेली, त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. धार लावणं म्हणजे सुरीसारखं टोकदार करणं नव्हे, ही पन्हळ पुन्हा कोरणं. ती किती खोल, त्यावर सगळं ठरतं. खोल कोरली तर पातं बर्फात रुततं, वळताना पकड मिळते, पण थांबायला गेलं की कड अडकते आणि माणूस तोंडावर. उथळ असेल तर पातं आडवं सहज सरकतं. दुकानात काही न बोलता स्केट्स दिले तर बहुतेक ठिकाणी अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ कोरून देतात. माझं वजन तेव्हा ब्याण्णव किलो. चेक काकांनी सांगितलं, पाच अष्टमांश मागून घे, पन्हळ उथळ होईल. मागितली. दोन महिने जे जमलं नव्हतं ते त्या शनिवारी निम्मं जमलं, म्हणजे डाव्या बाजूला. उजव्या बाजूला थांबायला आणखी वर्ष गेलं.

मग साध्या प्रौढांच्या नवशिक्या लीगमध्ये शिरलो. बचावपटू म्हणून, कारण तिथे सगळ्यात कमी गाढव ठरता येतं असा माझा अंदाज होता (चुकीचा). पहिल्या सामन्याला आधी हेल्मेट घातलं, जाळीसकट, आणि जर्सी डोक्यातून जाईना. सगळी ड्रेसिंग रूम बघत होती. आठ मोसम खेळलो, गोल केले चार. त्यांतला एक समोरच्याच्या स्केटला लागून गेलेला.

तर असा हा खेळाडू नोव्हेंबर २०२१ मध्ये यू-७ च्या मुलांमध्ये उतरला. पाच-सहा वर्षांची पोरं पूर्ण मैदानावर खेळत नाहीत. दोनशे फूट लांब रिंक आडवं तोडून छोट्या मैदानांवर खेळवतात आणि पकसुद्धा (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) नेहमीच्या सहा औंसांऐवजी चार औंसांचा, निळा. माझं काम म्हणजे पडलेल्यांना उभं करणं, सुटलेल्या नाड्या बांधणं, आणि "मला शू आली" असं कुणी म्हटलं की घड्याळाकडे बघणं. अंगावर इतकं सामान चढवलेलं असतं की ती वाट सात-आठ मिनिटांची होते.

पुढच्या दोन वर्षांत कागद साठत गेले. हॉकी कॅनडाचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. 'रिस्पेक्ट इन स्पोर्ट' केला, त्यात छळ, दमदाटी, ओरडणं यांबद्दल प्रश्न असतात. डोक्याला मार बसल्यावर काय करायचं यासाठी ओंटारिओत 'रोवन्स लॉ' नावाचा २०१८ चा कायदा आहे. रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना थोड्या दिवसांत डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून गेली. तिच्या नावाच्या या कायद्याप्रमाणे कोचने माहिती वाचून सही करायची आणि शंका आली की मुलाला बाहेर काढायचं, वाद नाही. ही सही करताना माझा हात जरा थांबला होता. बाकीच्या पंधरा चौकोनांवर मी मुकाट खुणा केल्या. ड्रेसिंग रूममध्ये कुठलाही मोठा माणूस मुलांबरोबर एकटा नको, पडताळणी झालेले दोघे हवेत, हा नियम मात्र मला त्या सगळ्या कागदांत सर्वात शहाणा वाटला.

२०२४ मध्ये मुलगी यू-११ ला गेली, संघाला मुख्य कोच मिळेना, आणि क्लबमधून फोन आला. त्यासाठी 'कोच २' क्लिनिक करावं लागतं, घरचा अभ्यास झाल्यावर एक दिवस वर्गात आणि बर्फावर. वर्गात फळ्यावरची चिन्हं शिकवली: सरळ रेघ म्हणजे नुसतं स्केटिंग, नागमोडी म्हणजे पक घेऊन, तुटक म्हणजे पास, दुहेरी म्हणजे शॉट. मुलांना रांगेत उभं करून ठेवू नका, मैदानाचे पाच-सहा तुकडे करा. बोलणं मिनिटाच्या आत उरका. हे सगळं ठीक. माझ्या पोटात गोळा आला तो दुपारी, बर्फावर जायची वेळ झाल्यावर. वीस-बावीस जण होतो. चालायला लागायच्या आधी स्केट करायला लागलेली माणसं ती. उलट्या दिशेने क्रॉसओव्हर करत, म्हणजे एका पायावरून दुसरा टाकत, गप्पा मारत होती. मी उलटा जाताना गप्पच असतो.

दोघादोघांना एकेक कौशल्य दिलं, समोरचे सात वर्षांचे आहेत असं समजून शिकवा म्हणाले. आमच्या वाट्याला हॉकी स्टॉप आला, म्हणजे दोन्ही पाय आडवे करून एकदम थांबणं. माझा जोडीदार ज्युनिअरपर्यंत खेळलेला तरणाबांड मुलगा. वेगात आला, बर्फाचा फवारा उडवून थांबला आणि म्हणाला, "असं." पुन्हा केलं. "म्हणजे, असं वळायचं फक्त." मग गप्प झाला. त्याला खरंच सांगता येत नव्हतं. तीन वर्षांचा असताना केव्हातरी जमलेली गोष्ट, तिचे टप्पे त्याला आठवणार कुठून? मला सगळे पाठ होते. प्रत्येकावर मी महिना महिना पडलो होतो. मी सगळ्यांना कठड्याशी नेलं. दोन्ही हातांनी कठडा धरा, एकच पाय आडवा बाजूला ढकला, वरचा पांढरा भुगा खरवडून त्याचा ढीग करा. बर्फाला भोक पडलं तर पाय फार तिरका आहे. ढीग झाला की दुसरा पाय. आता कठडा सोडा, हळू घसरत या, किंचित वर उठा म्हणजे पायावरचं ओझं हलकं होतं, त्याच क्षणी कंबर वळवा, आणि मग खाली बसा. खांदे पुढेच. आणि गुडघे! हा शब्द तोंडातून इतक्या मोठ्याने गेला की मीच दचकलो.

क्लिनिक घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी म्हटलं, एका ट्रक मेकॅनिककडून.

पहिल्या सामन्यात मात्र यातलं काही कामाला आलं नाही. हॉकीत खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. मिनिटभर पळालं की दम संपतो, बाकाचं दार उघडायचं, आतला बाहेर आणि बाहेरचा आत. दार उघडायचं काम माझ्याकडे होतं आणि ओरडायचंही. मी तिघांना "जा" म्हटलं, आलेला एकच. रेफरीची शिट्टी. बर्फावर सहाच्या जागी आठ. दोन मिनिटांची शिक्षा बाकावर, म्हणजे ती भोगायला पेनल्टी बॉक्समध्ये कुणाला बसवायचं ते कोचने सांगायचं. माझ्या चुकीची शिक्षा कुठल्या नऊ वर्षांच्या पोराला देऊ? मुलगी उठली. "बाबा, मी जाते. पण चूक तुझी आहे ना?" हो म्हटलं. ती ऐटीत गेली आणि तिथून मैत्रिणींना हात करत बसली. नंतर समजलं, त्या पेटीत बसायला मिळावं म्हणून अर्धा संघ टपलेला असतो.

पालकांचं म्हणाल तर एक-दोघांनी सुरुवातीला माझ्याकडे बघून माझ्या सहायकाशी बोलणं पसंत केलं. मी समोर असताना त्याला विचारत, सराव किती वाजता? तो माझ्याकडे बोट दाखवायचा. डिसेंबरपर्यंत ते आपोआप थांबलं. मिसिसागात जन्मलेला, भारतीय वडिलांचा मॅनी मल्होत्रा एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, ९९१ सामने खेळला, कोच झाला, आणि २०२५ मध्ये त्याच्या ॲबट्सफर्ड संघाने एनएचएलच्या खालच्या लीगचा काल्डर कप जिंकला. त्या जूनमध्ये त्या पालकांतलेच एक बाबा मला म्हणाले, "तुमच्या माणसाने जिंकला." मल्होत्रा आणि मी यांच्यात ९९१ सामन्यांचं अंतर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. एक दिवस मिरवून घेतलं.

आता मुलगी पुढच्या मोसमात यू-१३ मध्ये जाईल. अंगाने धडक देणं त्या वयापर्यंत २०१३ पासून बंद आहे आणि आमच्या हाउस लीगमध्ये (क्लबच्या आतली, हौशी लीग) तर पुढेही नसतं. पण कठड्याजवळ धडक बसलीच तर ती घ्यायची कशी, अंग कसं चिकटवायचं, डोकं कसं वर ठेवायचं, हे मुलांना आधीपासून शिकवायचं असतं. त्याचं क्लिनिक आहे आणि मी नाव घातलंय. पंचाईत अशी की आमच्या प्रौढांच्या लीगमध्ये धडकेला मनाई. आयुष्यात मला कुणी कठड्यावर आदळलेलं नाही. जे अंगावर घेतलं नाही ते सांगू कसं?

चेक काकांना फोन केला. ते सहासष्टचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणाले, रविवारी सकाळी सातला रिंक मोकळं असतं, दात वाचवायची पट्टी घेऊन ये. घरी अजून सांगितलेलं नाही.