आमची वाटचाल : पुठ्ठ्याची स्टेशनं

"कचऱ्यातूनच करता ना हो? मग एवढे पैसे कसले?" आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. तोंडी उत्तर देणं मी सोडलंय, इथे एकदाच लिहून टाकतो.

अंड्यांचे ट्रे, जुन्या सॅम्पल लग्नपत्रिका, औषधांची खोकी, खराट्याच्या काड्या, धुतलेल्या एक्स-रे फिल्म हा आमचा कच्चा माल. त्यातून मॉडेल रेल्वेसाठी एचओ म्हणजे 1:87 मापाची (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी) आपल्याकडची स्टेशनं, सिग्नल केबिनी, गँगमनच्या चाळी उभ्या राहतात. बाहेरच्या किटांत जर्मन गावातलं चर्च मिळेल, मंगलोरी कौलांचं स्टेशन कुठून मिळणार? कोथरूडला 1998 साली जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय सुरू झालं. ते बघून घरी रूळ मांडायची हौस लागलेली मंडळी हीच आमची पहिली गिऱ्हाइकं. पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते त्या काँट्रॅक्टरबद्दल. दिवाळीला मॉलमध्ये रेल्वेचा देखावा करायचाय म्हणून आला. घाटातल्या स्टेशनचा नमुना नेला, पाठोपाठ नकाशेही नेले. ॲडव्हान्स आज देतो, उद्या देतो. मी माल भरला, हाताखाली दोन मुली घेतल्या. देखावा उभा राहिला तो एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीचा, लेसरवर कापलेला. मुतारीशेजारचा पाण्याचा नळ मी माझ्या मनाने लावला होता, खऱ्या स्टेशनवर तो नाहीच. तोही तिथे होता! नंतर तीच किटं आमच्या निम्म्या भावात विकायला आली आणि आमचा फोन वाजायचा थांबला. मुलींना घरी बसवावं लागलं, गाळा सुटला, कटिंग मॅट स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली.

तेव्हा आम्हाला धरून ठेवलं गार्डसाहेबांनी. रेल्वेतून रिटायर्ड माणूस, जीव सगळा बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेजवर. तो गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिमी, 1:87 ला पावणेनऊ मिमी, त्यामुळे एन गेज या आणखी लहान मॉडेलचा 9 मिमीचा रूळ चपखल बसतो. इमारती मात्र आमच्या. ब्रॉडगेज झाल्यावर लाइनवर जे उरलं नाही ते त्यांना टेबलावर हवं होतं. एकेक स्टेशन सांगायचे, पैसे आधी मोजायचे. लेसरवाल्याचं किटही त्यांनी विकत आणून पाहिलं होतं. खिडकीवर बोट ठेवून म्हणाले, "हितं कंदील कुठं ठेवायचा?"

गार्डाची नजर! दोन फुटी दगडी भिंत या मापात 7 मिमी होते. एमडीएफ 3 मिमीचा, त्यामुळे खिडकी भिंतीच्या तोंडाशी येते, भिंतीची जाडी दिसतच नाही, कंदील ठेवायला जागा कुठली? आणि चौकटही त्याच 3 मिमीत कापली, तर ती प्रत्यक्षात 26 सेंमी जाड झाली. कोपऱ्यांच्या खाचा जळून काळ्या दिसतात त्या वेगळ्याच. आम्ही पुठ्ठ्याचे थर चढवून भिंत जाड करतो, चौकट पत्रिकेच्या कागदाची. अंड्याच्या ट्रेचे तुकडे एकेक करून दगड म्हणून चिकटवायचे, सांधे रिकाम्या रिफीलने दाबायचे. टाकीच्या पत्र्यावरचे रिव्हेट शिंप्याच्या दातेरी चाकाने उठतात. माझं चाक आईच्या शिवणाच्या डब्यातलं आहे, ते कुणाला हात लावू देत नाही.

घरी करणाऱ्यांनी एवढं ऐका. फेविकॉल पाणी घालून पातळ करू नका, पुठ्ठा वाकतो. एका बाजूला रंग दिला की दुसऱ्या बाजूलाही द्या. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख) आधी मारून घ्या, पावसाळ्यात भिंत ताठ राहते. गव्हाची खळ अजिबात नको, कसर लागते. कटरच्या ब्लेडचं टोक मोडायला कंजुषी कराल तर कडा फाटेल आणि खापर पुठ्ठ्यावर फोडाल.

आता गाळा पुन्हा घेतलाय, दोघींपैकी एक मुलगी परत आलीये आणि दगड माझ्यापेक्षा सरळ लावते. मध्यंतरी त्याच काँट्रॅक्टरचा फोन आला, सिग्नल केबिनचा नकाशा आहे का म्हणून. आहे म्हटलं, आधी मागचे पैसे टाका. त्याने टाकले नाहीत, मी दिला नाही.

राहता राहिला भावाचा प्रश्न. अंड्याच्या ट्रेचे पैसे आम्ही लावतच नाही. एका भिंतीचे दगड लावायला पुरा दिवस जातो, त्याचे लावतो. ऑर्डर गणपतीआधी द्या, नंतर दिवाळीपर्यंत वेळ नसतो.