१२ व्होल्टवरचा व्हॉल्व्ह हेडफोन अँप : आवाज आला, डावीकडची घूं बाकी

घरी बनवत असलेला अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर, बोलायला लागलाय. दोन्ही चॅनेल चालू आहेत, सगळा पसारा प्लायवूडच्या फळीवर आहे आणि खोक्याचा अजून पत्ता नाही. व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीवर, पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी इथवरची हकिकत.

सर्किट हायब्रिड आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही. पुढे एकच ईसीसी८२, म्हणजेच १२एयू७. त्याच्या काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. मागे प्रत्येक चॅनेलला एक आयआरएफ५१० मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि त्याच्या खाली करंट ठरावीक ठेवणारी एलएम३१७ ही आयसी. सगळं १२ व्होल्ट डीसीवर. जुन्या रेडिओवाल्यांना हे ऐकून हसू येतं, कारण या व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये प्लेटला (आउटपुटच्या टोकाला) २५० व्होल्ट दिलेले असतात. १२ वर तो अर्धपोटी काम करतो, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी पडतो, डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) वाढतं. पण हेडफोनला लागतं ते किती? बहुतेकांना एखादा व्होल्ट पुष्कळ झाला. शिवाय २५० व्होल्टचे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतात. पहिल्याच प्रोजेक्टला तो जुगार मला नको होता.

मॉस्फेट का, तर ईसीसी८२ चा प्लेट रेझिस्टन्स पूर्ण व्होल्टेजलाच सात-आठ किलोओहमच्या घरात असतो आणि हेडफोन ३२ ओहमचा. व्हॉल्व्हने व्होल्टेज वाढवायचं, करंट मॉस्फेटने द्यायचा. ‘मग हा व्हॉल्व्ह अँप कसला?’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्यावं.

सामान पुण्यातच मिळालं. पासोड्या विठोबाजवळ आणि तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, हीटसिंक, अभ्रकाच्या चकत्या, सगळं. अडलं ते व्हॉल्व्हपाशी. बंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले; जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या माळ्यावर ते अजून निघतात. पण ओळखीच्या काकांकडे निघाले ते वेगळेच, ईसीएच८१ आणि ईएल८४. शेवटी स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचा नवा ईसीसी८२ मागवला, सोबत नऊ पिनांचा सिरॅमिक सॉकेट. पिना मोजताना सॉकेट उलटा धरायचा आणि मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायचं. ४ आणि ५ हा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार), १२.६ व्होल्टला १५० मिलीअँप. आपले १२ त्याला चालतात. ९ नंबर मोकळा सोडायचा.

खरा वेळ गेला हीटसिंकवर. एलएम३१७ ला १० ओहमचा रेझिस्टर लावला की त्याचे १.२५ व्होल्ट भागिले १०, म्हणजे १२५ मिलीअँप सतत वाहतो, गाणं वाजो न वाजो. यालाच क्लास ए म्हणतात, तेव्हा गरम होणारच. गंमत पुढे आहे. आयआरएफ५१० च्या पाठीचा पत्रा ड्रेनला (त्याच्या सप्लायकडच्या टोकाला) जोडलेला, म्हणजे थेट १२ व्होल्टवर. एलएम३१७ चा पत्रा त्याच्या आउटपुटला, म्हणजे ग्राउंडपासून जेमतेम सव्वा व्होल्टवर. दोघांना एकाच हीटसिंकवर नुसतं स्क्रूने आवळलं तर १० ओहमचा रेझिस्टर धूर सोडणार. म्हणून खाली वीज अडवणारा अभ्रक, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ हात, स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून पत्रा ते हीटसिंक तपासायचं. बीप वाजली तर वीज द्यायचीच नाही.

बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचं व्होल्टेज, प्रीसेटने (पेचकसाने फिरवायच्या छोट्या पॉटने) लावला. मॉस्फेटचा सोर्स (आउटपुटचं टोक) बरोबर ६ व्होल्टवर हवा असं वाटतं, पण खाली एलएम३१७ ला स्वतःच्या कामासाठी तीनेक व्होल्ट लागतात, म्हणून मी सातच्या आसपास ठेवलाय. थंड असताना लावलेला आकडा हीटसिंक तापला की वर सरकतो. वीसेक मिनिटं तापू द्या, मगच पेचकस फिरवा.

आउटपुट कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा आहे. ३२ ओहमला खालची मर्यादा साधारण ११ हर्ट्झ येते. १०० चा टाकला असता तर ५० हर्ट्झपासूनच तबल्याचा बायां बारीक झाला असता. सुरू करताना हे कपॅसिटर भरले जातात आणि ‘धप्’ असा आवाज येतो, तेव्हा हेडफोन मागाहून लावावा.

आता घूं, म्हणजे हेडफोनमधली सततची गुणगुण. व्हॉल्यूम पॉटच्या धातूला बोट लावलं की कमी व्हायची. पॉटचं अंग ग्राउंडला जोडल्यावर बरीच गेली. इनपुटचं ग्राउंड हीटरच्या परतीच्या वायरवरून काढून एका बिंदूवर आणलं, तेव्हा उजवी बाजू शांत झाली. डावी हटत नाही. लॅपटॉपऐवजी मोबाइल लावला तरी तेवढीच, इनपुटच्या वायरी अदलाबदल केल्या तरी डावीकडेच. माझा संशय डाव्या ग्रिडच्या (ट्रायोडच्या इनपुटच्या टोकाच्या) लांब, उघड्या वायरवर आहे. घूं तपासायला ख्यालाचं रेकॉर्डिंग मात्र लावू नका, तानपुऱ्याच्या खर्जात ती खुशाल लपून बसते.

आवाज कसा? गोड आहे, पण मोबाइलपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक वगैरे काही नाही. काचेवर टिचकी मारली तर हेडफोनमध्ये ‘टिंग’ ऐकू येतं, ते मात्र मला फार आवडतं. काही जण व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी लावून उजेड पाडतात. आपण नाही लावणार.

पुढचं काम शील्डेड वायरचं. मग आत्ताचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर काढून १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि स्थिर १२ व्होल्ट देणारी ७८१२ ही आयसी. एकूण करंट ०.४ अँपच्या आसपास, त्यामुळे ७८१२ वर तीनेक वॉट जळतील. त्याचा हीटसिंक खोक्याच्या बाहेर, पाठीमागे लावायचा विचार आहे.