कसबा ते गिरगाव, एका दिवसात

सकाळी पुण्यात कसबा पेठ, संध्याकाळी मुंबईत गिरगाव. दोन्हीकडे घरं एकमेकांना चिकटून, पण राहण्याची तऱ्हा पार वेगळी.

वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. दिंडी दरवाज्यातून वाकून आत गेलं की मग चौक, आणि उजेड-वारा सगळा तिथूनच. गिरगावातल्या चाळीत बाहेरची गॅलरीच सगळ्यांचं अंगण. खाली भाजीवाला आला की वरून दोरीला बांधलेली पिशवी सोडायची. वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींना मात्र हे सुख नव्हतं. १९२०च्या दशकातल्या त्या इमारती: मजल्यावर २० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि मधोमध बोळ. दोन्ही बाजूंना दारं, त्यामुळे भरदुपारीही बोळात दिवा. 'चाळ' म्हणून दोन्ही एकच समजणाऱ्यांनी एकदा त्या बोळातून चालावं.

वाड्यांचं दुखणं वेगळंच. माती-चुन्याच्या भिंतीला ओल शोषून बाहेर सोडायची सवय असते. वरून सिमेंटचा गिलावा चोपडला की ओल आतच अडकते आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं, म्हणजे भार पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं, टोक कुजतं. वरवर सगळं छान दिसतं; कडीपाट (लाकडी छत) एका बाजूला झुकला की मग कळतं. तुळईच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, सहज आत गेला तर आधी टेकू लावा. गिलावा मग खरवडा, आणि नवा चुन्याचाच करा. गवंडी सिमेंटच सुचवेल, ऐकू नका.