पंचांच्या अनधिकृत खुणा

फाउलसाठी वर गेलेली मूठ, ट्रॅव्हलिंगसाठी (चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पावले टाकणे) एकमेकींभोवती फिरणाऱ्या मुठी, ब्लॉकिंगसाठी (प्रतिस्पर्ध्याची वाट नियमबाह्य रीतीने अडवणे) कमरेवर ठेवलेले दोन्ही हात या बास्केटबॉलमधल्या खुणा फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत ठरलेल्या आहेत आणि त्या मुख्यतः गुणलेखकाच्या टेबलासाठी असतात. फाउल कोणाचा, कोणत्या प्रकारचा आणि पुढे फ्री थ्रो किती, एवढे त्यांतून नेमके कळते. पंचाने तो निर्णय का दिला, हे मात्र कळत नाही. शिट्टी वाजलीच नाही, तर या खुणांना सांगण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही, आणि सर्वाधिक आरडाओरडा तर तेव्हाच होतो.

बास्केटकडे झेपावलेला खेळाडू बचावपटूच्या छातीवर आदळतो, चेंडू रिंगला लागून बाहेर येतो आणि बाकावरून प्रशिक्षक ओरडत उठतो. पंच धावता धावता दोन्ही हात कानांजवळून सरळ वर नेतो; ही ठरलेल्या खुणांपैकी नव्हे, अनधिकृत खूण. बचावपटू स्वतःच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे खेळाडूभोवतीच्या त्याच्या हक्काच्या काल्पनिक उभ्या जागेत, सरळ उडाला, त्यामुळे धडक होऊनही फाउल त्याचा नाही, हा निर्णयामागचा सगळा विचार त्या एका हालचालीत येतो. चेंडू बाहेर गेल्यावर एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवरून हलकेच घासली, की कोणाच्या तरी बोटांना तो निसटता लागला होता हेही तसेच चटकन समजते.

अशा खुणांवर अनेक ज्येष्ठ पंचांची नाराजी असते आणि ती अगदीच निराधार नाही. खेळ चालू असताना बाकाकडे पाहून हातवारे करणाऱ्या पंचाच्या नजरेतून बास्केटखालची ढकलाढकली सुटू शकते. शिवाय हात दाखवणे म्हणजे जाहीर जबाब देणे. ‘फक्त चेंडूलाच हात लागला’ असे दाखवल्यावर चित्रफितीत मनगटावरचा फटका दिसला, तर ती खूण त्याच्यावरच उलटते. तीच खूण तीनदा केली, तर पंच निर्णय देत नसून गयावया करत आहे असे वाटते. (ढकलण्याची नक्कल खेळाडूपेक्षाही जोरात करणारे पंच असतात, त्यांची गोष्टच वेगळी.)

तरीही, आपण काय पाहिले एवढेच एकदा दाखवणारी खूण मला योग्य वाटते. खटकतात ते ‘काहीच झाले नाही’ म्हणून आडवे पसरलेले दोन्ही तळवे, कारण धडक सगळ्यांनीच पाहिलेली असते आणि ती नियमबाह्य होती का, एवढाच प्रश्न असतो.